ढगाचं वेळापत्रक

मृगाचे पहिले शिडकावे झाले की आपल्याकडच्या डोंगरवेड्यांच्या अंगात वारं शिरतं. राजमाची, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, जिकडे पाहावं तिकडे रेनकोटांची रांग. पावसात भिजत गड चढायचा, वर टपरीत चहा-भजी खायची, संध्याकाळच्या एस.टी.नं घरी परतायचं. या सवयीतूनच मग एखाद्या घरात प्रश्न निघतो, ‘जुलैत आठ-नऊ दिवसांची सुट्टी जुळते आहे, यंदा हिमालयात जाऊ या का?’ प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात हिमालय म्हणजे मोठा सह्याद्री असतो. उंची जरा जास्त, थंडी जरा जास्त, एवढाच काय तो फरक.

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दाचं उत्तर देता येत नाही. हिमालय सुमारे २,४०० किलोमीटर लांब पसरलेला आहे. त्याच्या एका टोकाला जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तर दुसऱ्या अंगाला त्याच जुलैत डोक्याला टोपी नसेल तर चामडी भाजून निघते. म्हणून आधी विचारायचं ते असं, की हिमालयात म्हणजे नेमकं कुठं? आणि त्या ठिकाणी त्या दिवसांत ढग काय करत असेल? सुट्टीचं वेळापत्रक आपल्या हाती असतं, ढगाचं नसतं. तेव्हा आपलं वेळापत्रक त्याच्याशी जुळवून घेणं, हेच पावसाळ्याच्या आसपास हिमालयात जाण्याचं खरं नियोजन.

मी पडलो कवी माणूस, त्यामुळे ढगाची वाट सांगताना मेघदूत आठवणं ओघानंच आलं. कालिदासाचा यक्ष रामगिरीवरून ढगाला निरोप घेऊन पाठवतो. हा रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचं रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी मांडलं आहे. तिथून माळवा, उज्जयिनी, कनखल असं करत तो ढग कैलासाकडे जातो. आजचं हवामानखातं जे नकाशे काढतं, त्यांच्याशी ही वाट ताडून पाहण्यासारखी आहे. मोसमी वारे साधारणपणे १ जूनला केरळात पोचतात, जूनच्या मध्याला विदर्भात येतात आणि जूनच्या शेवटच्या दहा दिवसांत गढवाल-कुमाऊंच्या डोंगरांना भिडतात. २०२० साली सुधारलेल्या तारखांप्रमाणे ८ जुलैपर्यंत ते साऱ्या देशावर पसरतात. परतीचा प्रवास १७ सप्टेंबरच्या सुमाराला पश्चिम राजस्थानातून सुरू होतो.

पण ढगाची आणखी एक वाट आहे, आणि हिमालयाच्या दृष्टीनं तीच मोठी. बंगालच्या उपसागरावरून निघालेले वारे उत्तरेकडे जातात, तिथं हिमालयाची भिंत आडवी येते, आणि मग ते भिंतीच्या कडेकडेनं पश्चिमेकडे वळतात. साहजिकच पूर्वेकडच्या सिक्कीम-दार्जिलिंगला पाऊस लवकर गाठतो, जोरात गाठतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत रेंगाळतो. संदकफूची वाट ज्या सिंगालिला राष्ट्रीय उद्यानातून जाते ते पावसाळ्याचे तीन महिने बंदच असतं. पश्चिमेकडे सरकावं तसा पावसाचा मुक्काम कमी होत जातो.

हे झालं पूर्व-पश्चिम. आता भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे काय होतं ते पाहू. आम्हा सातारा जिल्ह्यातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातलं माण-खटाव पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतं. ढग डोंगर चढताना रिकामा होतो आणि पलीकडे पोचतो तेव्हा त्याच्या झोळीत काही उरलेलं नसतं. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछाया म्हणतात, आमच्याकडे दुष्काळ म्हणतात. नेपाळात अन्नपूर्णेच्या दक्षिणेला लुमले नावाचं गाव आहे, तिथं पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. अन्नपूर्णेच्या मागच्या जोमसोमला तो तीनशेच्या आत. आपल्याकडे लेहमध्ये वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास. जी पर्जन्यछाया माणच्या शेतकऱ्याच्या नशिबी शाप होऊन आली, ती पावसाळ्यातल्या हिमालयाच्या वाटसरूला वरदान ठरते.

म्हणून ज्यांना जुलै-ऑगस्टखेरीज सुट्टीच मिळत नाही, त्यांच्यासाठी डोंगराच्या पलीकडचा मुलूख आहे. लडाखमधलं मरखा खोरं, हिमाचलातलं स्पिती, नेपाळातलं वरचं मुस्तांग. काश्मीरच्या खोऱ्यालाही पीर पंजालची आड आहे, त्यामुळे सोनमर्गहून नारानागला जाणारी सरोवरांची वाट जुलै ते सप्टेंबर याच काळात चालली जाते. मात्र तिथं जायचं तर त्या त्या वर्षीची परवानगी आणि परिस्थिती आधी विचारून घ्यावी लागते. पर्जन्यछाया डोळ्यांनी पाहायची असेल तर मनालीजवळच्या हामता खिंडीसारखी जागा नाही. चढताना देवदार, भूर्ज, गवत, फुलं, सगळं ओलं आणि हिरवं. खिंड ओलांडून लाहौलच्या बाजूला उतरलं की करडे, उघडे, कोरडे कडे. एका दिवसाच्या चालीत कोकण संपून माणदेश सुरू व्हावा तसं.

तरीही या वरदानावर विसंबून झोपता येत नाही. ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री याच कोरड्या लेहवर ढगफुटी झाली आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली. जिथं पाऊसच पडत नाही तिथल्या डोंगरावर माती धरून ठेवायला झाडं नसतात, आणि मातीच्या विटांची घरं पाण्यासाठी बांधलेली नसतात. जुलै २०२३ मध्ये हिमाचलात अतिवृष्टी झाली तेव्हा स्पितीच्या वाटेवरच्या चंद्रतालला बर्फ पडून जवळजवळ तीनशे माणसं अडकून पडली होती. तिथून त्यांना सुखरूप काढायला दिवस गेले. मुक्कामाची जागा कोरडी असली तरी तिथं पोचायचा आणि परतायचा रस्ता ओल्या खोऱ्यातून जातो, हे विसरून चालत नाही.

आणि आता एक गोष्ट, जी आपल्याकडच्या माणसाला उलटी वाटेल. आपल्याकडे ऑगस्टात पाऊस दडी मारतो, आठवडाभर ऊन पडतं, शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. शहरातला डोंगरवेडा म्हणतो, ‘पाऊस ओसरला, चला उत्तरेत.’ नेमकी हीच घात करणारी समजूत. मोसमी पावसाचा कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा उत्तर भारताच्या मैदानावर पसरलेला असतो. तो जेव्हा उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याला जाऊन टेकतो, तेव्हा मध्य भारतात आणि महाराष्ट्रात उघडीप होते आणि हिमालयाच्या उतारांवर मात्र धो धो पाऊस कोसळतो. म्हणजे आपलं कोरडं आभाळ हा तिकडच्या कोरड्या आभाळाचा दाखला होऊ शकत नाही. कित्येकदा ती धोक्याची सूचना असते.

मग जावं केव्हा? हात राखून सांगायचं तर दोन खिडक्या आहेत. पहिली रोहिणी-मृगाची, म्हणजे मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य. या दिवसांत वाटा उघडत असतात, उंच खिंडींत बर्फ असतं, सकाळ लख्ख आणि दुपारनंतर गडगडाट असा क्रम असतो. दुसरी खिडकी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतची. आपल्याकडे हस्ताचा पाऊस कोसळत असतो तेव्हा गढवाल-हिमाचलातलं आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं असतं. शिखरं दूरवरून स्पष्ट दिसतात. रात्री मात्र कडाक्याच्या, आणि दिवस लहान. दिवाळीची सुट्टी बहुधा या खिडकीच्या टोकाला येते, तेवढं ध्यानात ठेवावं.

खिडक्या म्हटलं तरी त्यांना कड्या-कोयंडे नाहीत. २०१३ साली मोसमी वारे १६ जूनलाच देशभर पसरले, तेव्हाच्या सरासरीपेक्षा महिनाभर आधी. त्या १६-१७ जूनला केदारनाथच्या वरचं चोराबाडी सरोवर फुटलं. त्या आपत्तीत पाच हजारांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. जून २०२४च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे पाऊस यायच्या आधी, उत्तराखंडातल्या सहस्रताल वाटेवर अचानक बिघडलेल्या हवेत कर्नाटकातून आलेल्या गटातले नऊ जण थंडीनं गेले. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाचे उरलेसुरले ढग दोनच दिवसांत नेपाळात पोचले, आणि ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीच्या परिसरात हिमवादळानं चाळीसहून अधिक बळी घेतले. ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तराखंड-हिमाचल सीमेवरच्या लमखागा खिंडीतही असंच झालं. तेव्हा ऑक्टोबरात निघायच्या आधी आपण उत्तरेकडे तोंड करून बसलेलो असलो, तरी एक नजर बंगालच्या उपसागराकडे ठेवावी.

हे वाचून कुणी म्हणेल, मग ऐन पावसात ओल्या बाजूला जाऊच नये का? जावं, पण ज्यासाठी जावं असं काही असेल तर. ‘फुलांची दरी’ हे त्याचं उत्तम उदाहरण. १९३१ साली कामेट शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ या ब्रिटिश गिर्यारोहकाला ही दरी दिसली. पुढे त्यानं तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि जगाला तिचं नाव कळलं. २००५ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ही दरी जून ते ऑक्टोबर उघडी असते, पण फुलांचा खरा बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. म्हणजे ऐन पावसात. पाऊस टाळून गेलात तर दरी भेटेल, फुलं भेटणार नाहीत. इथं पाऊस हा अडथळा नाही, यजमान आहे.

या दरीचाच हिशेब आपण मांडून पाहू. रेल्वेनं मुंबई-पुण्याहून हरिद्वारला पोचायला दोन दिवस धरा. तिथून जोशीमठ एक दिवस. गोविंदघाटावरून घांघरियाला चढून जायला एक दिवस. दरीत एक दिवस. शेजारच्या हेमकुंडाला एक दिवस. उतरून जोशीमठला परत एक दिवस, हरिद्वार एक दिवस, रेल्वेचे दोन दिवस. झाले दहा दिवस. आणि यात पावसासाठी एकही दिवस धरलेला नाही! सुट्टी नऊ दिवसांची असेल तर आपण घरातूनच एक दिवस उसना घेऊन निघालो आहोत. पावसाळ्यातली उधारी डोंगर व्याजासह वसूल करतो.

ही वसुली कुठं होते, तर बहुतेक वेळा रस्त्यावर. आपण चिंता करतो चालायच्या वाटेची, पण ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंतचा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता हाच या प्रवासातला कच्चा दुवा असतो. आपला सह्याद्री लाव्हा थिजून झालेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा दगड. तरीही आपल्या घाटांत दरडी कोसळतातच. हिमालय तर अजून वाढतो आहे. त्याचे उतार भुसभुशीत, भेगाळलेले, आणि त्यांच्या पोटात खणून काढलेले रस्ते. श्रीनगर-रुद्रप्रयागमधलं सिरोबगड, बद्रीनाथच्या वाटेवरचं लांबगड ही नावं तिथल्या ड्रायव्हरांना पाठ असतात, कारण दर पावसाळ्यात तिथं दरड येते. मग दोन्हीकडे गाड्यांची रांग, पुढे जेसीबी, वरून अधूनमधून घरंगळणारे दगड. कधी दोन तास, कधी दोन दिवस. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या रस्त्यावरच्या धराली गावावर खीरगंगेचा लोंढा आला. त्या वेळी तिथं अडकलेल्यांत महाराष्ट्रातलेही पुष्कळ प्रवासी होते. ते काही शिखर चढायला गेले नव्हते, रस्त्यानं गाडीतून चालले होते.

म्हणून पावसाळ्यात दर चार दिवसांमागे एक दिवस रिकामा धरावा, असं मला वाटतं. वरच्या हिशेबात तेरा दिवस हाती असावेत. तेवढे नसतील तर हेमकुंड सोडावं, दरी पाहून परतावं. परतीचं रेल्वे किंवा विमानाचं तिकीट डोंगरातून उतरलेल्याच दिवसाचं काढू नये. ज्याला उद्या सकाळी ऑफिसात हजर व्हायचं असतं, तोच माणूस दगड घरंगळत असताना ड्रायव्हरला ‘काढ रे गाडी’ म्हणतो. यक्षानं तर ढगालासुद्धा सांगितलं होतं, की थकलास की डोंगरमाथ्यावर टेक आणि मग पुढे जा. ढगाला जर विसाव्याची मुभा आहे, तर आपल्याला का नसावी?

रिकाम्या दिवसाचा दुसराही उपयोग आहे. तीन हजार मीटरच्या वर हवा विरळ होत जाते आणि शरीराला तिची सवय व्हायला वेळ लागतो. झोपण्याची जागा रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा अधिक उंच जाऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा साधारण नेम आहे. लेहला विमानानं उतरलात तर आपण एका झेपेत साडेतीन हजार मीटरवर असतो, तिथं पहिले दोन दिवस काहीही न करता घालवणं हाच कार्यक्रम. पावसानं रस्त्यात दोन दिवस खाल्ले, की लोक पहिली काट मारतात ती या विसाव्याच्या दिवसावर. मग डोकं ठणकतं, उलट्या होतात, तोल जातो, आणि दोष पावसाला दिला जातो. अशी लक्षणं दिसली तर वर जायचं नाही, आणि वाढली तर लगेच खाली उतरायचं.

ओल्या थंडीचंही तसंच. बर्फात माणूस सावध असतो, पण पाच-सात अंशांच्या तापमानात ओले कपडे आणि वारा यांची गाठ पडली, तर अंगातली ऊब झपाट्यानं जाते. जीन्स आणि सुती बनियन पाणी धरून ठेवतात, ती घरी ठेवावीत. लोकरीचा किंवा सिंथेटिक कपड्यांचा एक जोड जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवावा, आणि कितीही भिजलो तरी तो फक्त रात्री तंबूत गेल्यावरच उघडावा. सॅकवरच्या कव्हरवर भरवसा न ठेवता आतल्या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र पिशवी द्यावी. पूर्वेकडे जळवा असतात, त्यांच्यासाठी मिठाची पुरचुंडी खिशात असावी.

चालण्याचा दिवस पहाटे सुरू करून दुपारी दोनच्या आत संपवावा. ढग दुपारनंतर भरून येतात, आणि बर्फावरून येणारे ओढेही दुपारनंतरच फुगतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी चारला मांडीपर्यंत येतं. ओढा ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडावा, म्हणजे पाय घसरला तर ओझं टाकून देता येतं. तंबू नदीकाठच्या सपाट वाळूत किंवा कोरड्या नाल्यात लावू नये, जागा कितीही मोहक असली तरी. आणि नाल्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा पाऊस चालू असताना अचानक आटलं, तर वर कुठंतरी दरडीनं पाणी अडवलेलं असू शकतं. विचार करत न बसता उंचावर सरकावं. तासाभरात शंभर मिलिमीटर पाऊस पडला की हवामानखातं त्याला ढगफुटी म्हणतं. ती नेमकी कुठल्या नाल्यावर होईल हे आधी सांगता येत नाही. पण जिल्ह्याजिल्ह्याला पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे मिळतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं विजांची सूचना देणारं ‘दामिनी’ हे अ‍ॅप तयार केलं आहे. मोबाईलची रेंज शेवटच्या गावात संपते, तेव्हा ही चौकशी तिथंच करून घ्यावी. लाल इशारा असेल तर त्या गावातच मुक्काम करावा.

शेवटी एक गोष्ट माणसांची. आपल्या सॅका, तंबू, तांदूळ, रॉकेल वाहणारी माणसं आपल्या बरोबर असतात. गढवाली, लाहौली, नेपाळी. हवा बिघडली असताना पुढे जायचं की नाही हे आपण ठरवतो, आणि आपण ठरवलं की त्यांना यावं लागतं, कारण त्यांची त्या दिवसाची मजुरी त्यावर असते. थोरोंग खिंडीत गेलेल्यांत नेपाळी माणसंही होती. आपल्या अंगावर चांगला रेनकोट आहे, तसा त्यांच्या अंगावर आहे का, हे निघतानाच पाहावं. थांबलेल्या दिवसाची मजुरी त्यांना पूर्ण मिळेल असं आधीच बोलून ठेवावं. असं बोललं की एक चमत्कार होतो. तिथल्या डोंगराला ओळखणारा माणूस मोकळेपणानं सांगू लागतो, ‘साब, आज नहीं.’ पोट धोक्यात नसेल तर खरा सल्ला मिळतो, आणि हिमालयात त्याहून मोठा विमा नाही.

आपण अर्ध्यातून परत आलो तर लोक काय म्हणतील, पैसे वाया गेले, वर्ष वाया गेलं, असं मनात येतं. पण ढगाचा धर्मच मुळी असा, की तो दरवर्षी येतो आणि दरवर्षी जातो. ज्या खिंडीनं यंदा वाट दिली नाही, ती पुढल्या आश्विनातही तिथंच असेल. आपण असलो म्हणजे झालं.